धूर, ज्योत आणि शेजार

संकटकाळी जवळ कोणते इंधन असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ स्वयंपाकघराचा वाटतो. परंतु चूल पेटली की ती दिवसा धुराने, रात्री उजेडाने आणि सदासर्वकाळ वासाने आपली वार्ता चहूकडे पोहोचवते. १९७१ च्या डिसेंबरात, युद्धाच्या दिवसांत, शहरांतून रात्री दिवे मालवले जात. त्या काळी अंगणातली चूल दिवस मावळण्यापूर्वी विझवावी लागे, असे माझी आजी सांगत असे.

मग गुपचूप जळणारे इंधन कोणते? ओले लाकूड व गोवऱ्या सर्वांत अधिक बोभाटा करतात. वाळक्या लाकडाच्या बारीक ढलप्यांचा धूर कमी. लोणारी कोळशातील धुराचा अंश तो तयार होतानाच निघून गेलेला असतो. म्हणून पेटलेली शेगडी शांतपणे धगधगते. वातीचा स्टोव्ह आवाज करीत नाही, पंपाचा करतो. स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणूनच तो दिवा विझला असे समजून त्यात स्पिरिट ओतणे जिवावर बेतते.

परंतु गुप्ततेचीही किंमत असते. ती मला २००६ च्या ऑगस्टात कळली. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी सुरतेत शिरली आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. मी नवागामहून अडाजणला नातेवाइकांकडे गेले होते, ती तिसऱ्या मजल्यावर अडकले. वीज नव्हती. दुसऱ्या रात्री गॅस संपला. माळ्यावरून वातीचा जुना स्टोव्ह निघाला, रॉकेल बाटलीभर. काकू म्हणाल्या, "दारे-खिडक्या लावून घ्या. वास गेला तर सारा जिना दाराशी उभा राहील."

आम्ही लावून घेतल्या. खिचडी रटरटू लागली, तशी सर्वांची डोकी जड झाली. धाकट्याला उलटी झाली. कोंडलेल्या खोलीत कोणतेही इंधन जळाले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला रंग नाही, वासही नाही. धूर न करणारी कोळशाची शेगडी तर या बाबतीत अधिकच फसवी.

खिडकी उघडली. वास गेलाच. थोड्या वेळाने समोरच्या बा दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात रिकामे ताट नव्हते. तांदळाचा डबा होता. "चूल तुमची, चोखा आमचे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चार घरांचा भात एकाच पातेल्यात शिजला. पाण्याला उकळी आली की पातेले उतरवून गोधडीत गुंडाळायचे. भात आपल्याच वाफेवर होई. ती रॉकेलची बाटली आम्हांला पाणी ओसरेपर्यंत पुरली.

म्हणून माझे सांगणे एवढेच. घरात चुरमुरे, पोहे, गूळ, सातूचे पीठ ठेवा. ज्याला जाळच लागत नाही, ते अन्न सर्वांत गुप्त. भिजवलेले कडधान्य लवकर शिजते. थोडे इंधन कोरडे, मुलांपासून दूर असू द्या. आणि चूल पेटवाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. ज्योत शत्रूपासून लपवावी, हे युद्धात योग्यच. परंतु पुराच्या पाण्यात समोरच्या दारी शत्रू राहत नाही, शेजारी राहतो.