क्ष-किरण व स्कॅन प्रतिमांच्या साठवणीसाठी यंत्रसामग्रीची निवड
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



मागील सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी हिशेबाचा एक प्रश्न विचारला होता. प्रतिमांच्या साठवणीसाठी ६७२ टेराबाइट क्षमतेच्या हार्ड डिस्क घेण्याचे ठरले. मग उपयोगास सुमारे १६३ टेराबाइटच येतील असे टिपणात कसे लिहिले? प्रश्न रास्त आहे. त्याचे सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही मान्य केले होते.

सीटी स्कॅनचा एक छेद साठवण्यास सुमारे अर्धा मेगाबाइट लागतो. पाचशे छेदांची एक तपासणी अडीचशे मेगाबाइटच्या वर जाते. आंतररुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षे जपाव्यात असे वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. परंतु कर्करोगाच्या रुग्णाची जुनी प्रतिमा नव्या प्रतिमेशेजारी ठेवूनच गाठ वाढली की आटली हे ठरते, आणि तिथे ३ वर्षांचा हिशेब पुरत नाही.

यासाठी एक मोठे, महागडे यंत्र घेण्याऐवजी सात साधे सर्व्हर घेऊन ते सॉफ्टवेअरने एकत्र बांधण्याचा मार्ग आम्ही स्वीकारला. प्रणालीचे नाव ‘सेफ’. (तिजोरीशी या नावाचा संबंध नाही; ते ऑक्टोपसच्या कुळावरून आले आहे.) ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील संशोधनातून निर्माण झाली, तिला परवाना शुल्क नाही आणि युरोपातील ‘सर्न’ ही संशोधन संस्था ती वापरते. यंत्र कोणत्या कंपनीचे, यावर ती अडून बसत नाही. त्यामुळे पुढील दरपत्रके मागविताना आपले हात मोकळे राहतात.

आता हिशेब. सात सर्व्हर, प्रत्येकात ८ टेराबाइटच्या १२ डिस्क, म्हणजे ६७२. प्रत्येक प्रतिमेच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या सर्व्हरवर राहतात, उरले २२४. एक सर्व्हर पूर्ण बंद पडला तर त्यातील मजकूर उरलेल्या सहांत सामावला पाहिजे, उरले १९२. साठा ८५ टक्के भरताच प्रणाली इशारा देते आणि ९५ टक्क्यांवर नवे लिखाण थांबविते. म्हणून ८५ टक्के धरले, ते १६३. जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नाही. अतिदक्षता विभागात एक खाट राखीव ठेवतो, तशी ती आहे.

सातच का, याचेही कारण आहे. जुन्या, क्वचित लागणाऱ्या प्रतिमांसाठी तीन प्रतींऐवजी चार भाग मजकुराचे व दोन भाग पडताळ्याचे अशी पद्धत वापरता येते. तीत तिप्पट नव्हे, दीडपट जागा लागते. हे सहा भाग सहा सर्व्हरवर राहतात. त्यांतील एक गेला तर त्याची जागा घेण्यास सातवा हवा.

१६ टेराबाइटच्या डिस्क प्रति टेराबाइट स्वस्त पडत होत्या. परंतु डिस्क जितकी मोठी, तितका एका बिघाडात अधिक मजकूर धोक्यात येतो. शिवाय निम्म्याच डिस्क घेतल्या असत्या तर एकाच वेळी काम करणारे हातही निम्मे झाले असते. सर्वात कमी दराच्या एका निविदेत घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढविलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या डिस्क होत्या. वाचनास त्या ठीक, पण सततच्या पुनर्लेखनात मंदावतात. अशा डिस्क तसा उल्लेख न करता विकल्या गेल्याचे २०२० मध्ये जगभर उघड झाले होते; म्हणून पुरवठादाराकडून लेखी हमी घेण्याची अट आम्ही घातली.

सर्वाधिक चर्चा झाली ती वेगवान एसएसडीवर. हार्ड डिस्कवरील मजकुराची सूची ती सांभाळते. बाजारातील घरगुती एसएसडी स्वस्त असते, पण वीज अकस्मात गेल्यास हातातले लिखाण पूर्ण करण्याइतकी ऊर्जा साठविणारे कपॅसिटर तीत बहुधा नसतात. आपल्याकडे वीज जाणे नवे नाही. म्हणून कपॅसिटर असलेल्याच घेतल्या, आणि प्रत्येक सर्व्हरमध्ये एकीऐवजी दोन. एक निकामी झाली तर बाराऐवजी सहाच डिस्क बाधित व्हाव्यात.

प्रत्येक डिस्कमागे ४ गिगाबाइट स्मृती प्रणाली धरून चालते. दुरुस्तीच्या काळात ती वाढते, म्हणून ४८ ऐवजी १२८ गिगाबाइट घेतली. बारा डिस्क एकत्र धावल्या तर १० गिगाबिटची तार अपुरी पडते. २५ गिगाबिटच्या दोन जोडण्या दोन स्वतंत्र स्विचकडे नेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र या सात सर्व्हरांनी होत नाही. चुकून पुसलेली प्रतिमा तिन्ही प्रतींतून एकदमच पुसली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये संगणकांवर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. त्यासाठी इमारतीबाहेर, जाळ्यापासून तोडलेली वेगळी प्रत हवी. तिचा खर्च या खरेदीत धरलेला नाही. तो प्रस्ताव आजच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वतंत्रपणे विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.