कापसाच्या गावचा गिटारवाला



अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल नावाचं गाव आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, भोवती सपाट काळसर जमीन, आणि त्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या कापूस. या गावात १९ जानेवारी १९९९ रोजी क्रिस्टोन इंग्रॅमचा जन्म झाला. जग त्याला ‘किंगफिश’ म्हणून ओळखतं. तो ब्लूज-रॉक वाजवतो, स्वतःची गाणी लिहितो आणि गातोही. २३ वर्षांचा असताना त्याला ग्रॅमी मिळालं. नागपुरात बसून त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं ते मात्र कापसामुळे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडच्या कापसाच्या गाठी इंग्लंडला पोचेनाशा झाल्या आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे, हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. भाव कडाडले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला आली, आणि १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. पण युद्ध संपताच अमेरिकेचा कापूस बाजारात परतला होता, भाव कोसळले होते, आणि आपल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज तेवढं उरलं होतं. तिकडे गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी काळा मजूर गोऱ्या मालकाचीच जमीन बटाईनं कसत राहिला. हंगाम संपला की मालकाच्या दुकानातली उधारी वजा व्हायची आणि हाती फारसं काही लागत नसे. गुलामगिरी आपल्याकडच्या शेतकऱ्यानं भोगली नाही, त्यामुळे ही दोन दुःखं एका मापानं मोजू नयेत. पण दोघांच्या कापसाचा भाव सातासमुद्रापलीकडे ठरत होता, हे खरं.

अमेरिकेतल्या त्या शेतांतल्या हाकाऱ्यांतून, चर्चमधल्या गाण्यांतून ब्लूज आलं. त्याची बांधणी अगदी साधी. तीन कॉर्ड, बारा बारचं आवर्तन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. खरी गंमत सुरांत आहे. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो. पियानोच्या पट्ट्यांवर तो सापडत नाही. गिटारवाला बोटानं तार ओढून तिथे पोचतो, सतारिये मींड घेतात तसा. किंगफिशला ऐकताना कान इथे लावावा. त्याच्या बोटांना वेग भरपूर आहे, आणि टाळ्याही त्यालाच जास्त मिळतात. मला मात्र तो थांबतो तेव्हा जास्त आवडतो. एक तार ओढून धरायची, तिला थरथरू द्यायचं, आणि मग गळ्यानं पुढची ओळ उचलायची. हे थांबणं एवढ्या लहान वयात येणं फार दुर्मीळ.

ते त्याला आलं कुठून? क्लार्क्सडेलमध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या लाकडी खोपटाचे अवशेष जपून ठेवले आहेत. मडी वॉटर्स जवळच्याच स्टोव्हॉल मळ्यावर राबत होते. १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स नावाच्या संशोधकानं तिथे जाऊन त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, १९४३ मध्ये ते शिकागोला गेले, आणि पुढे त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारनं इंग्लंडमधल्या पोरांना वेड लावलं. रॉकचं मूळ शोधत गेलं की माणूस या मळ्यावर येऊन पोचतो.

छोट्या क्रिस्टोनला वडिलांनी याच मडी वॉटर्सवरचा माहितीपट दाखवला आणि मग मुलगा संग्रहालयाच्या वर्गात जाऊ लागला. हा वर्ग शाळा सुटल्यावर भरतो. बिल पेरी आणि रिचर्ड क्रिसमन हे त्याचे शिक्षक. दोघेही वाजवणारे कलावंत. किंगफिश हे नाव पेरींनीच दिलं. आधी ड्रम, मग बेस, मग गिटार असा प्रवास झाला. बरोबरीची मुलं रॅप ऐकत होती आणि हा आजोबांच्या वयाच्या माणसांची गाणी बसवत होता. २०१४ मध्ये या संग्रहालयाच्या शिक्षण उपक्रमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तिथल्या मुलांनी व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांपुढे वादन केलं. त्यांत पंधरा वर्षांचा किंगफिश होता.

२०१९ मध्ये शिकागोच्या ॲलिगेटर रेकॉर्ड्सनं त्याचा ‘किंगफिश’ हा पहिला आल्बम काढला. त्यात ब्लूजचे ज्येष्ठ गिटारवादक बडी गाय खुद्द त्याच्याबरोबर आहेत. निर्माता आणि गीतलेखनातला जोडीदार टॉम हॅम्ब्रिज. कौतुक सुरू झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आई गेली. त्याच्या पाठीशी सगळ्यात भक्कम उभी राहिलेली ती बाई. पुढे करोनानं दौरे थांबवले. २०२१ मध्ये आलेला ‘६६२’ हा आल्बम या काळानंतरचा आहे. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा दूरध्वनीचा विभाग-क्रमांक, म्हणजे एरिया कोड. पहिल्या आल्बममध्ये गाव सोडून बाहेर पडायची ओढ होती. जग पाहून आल्यावर तो दुसऱ्या आल्बमला गावाचाच आकडा देतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. याच आल्बमला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला वाजवून गेला. २०२५ मध्ये ‘हार्ड रोड’ हा आल्बम त्यानं स्वतःच्या रेड झीरो या लेबलवरून काढला. जुन्या ब्लूजवाल्यांनी आपली गाणी चार पैशांत विकली आणि कमाई भलत्यांनीच केली. त्यांच्या मुलखातल्या पोराकडे आज स्वतःचं लेबल आहे, ही गोष्ट ग्रॅमीइतकीच मोठी समजली पाहिजे.

आपल्याकडे असं काही कधी घडलंच नाही, असं मी म्हणणार नाही. गायक वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, म्हणजे थेट कापसाच्या मुलखातले. लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे त्यांना गाणं मिळालं. गावात शिकवणारा माणूस असला की काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. आज नागपूरच्या कॉलेजांमधून गिटार वाजवणारी पोरं पुष्कळ दिसतात. झाडीपट्टीत दंडार, इकडे खडी गंमत अशी लोकनाट्यं आहेत, वेचणीला जाणाऱ्या बायकांच्या तोंडी गाणी आहेत. पण त्या पोरांची आणि या गाण्यांची गाठ पडत नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आपल्या शहरातच आहे. तिथे, किंवा यवतमाळ-वर्ध्याच्या एखाद्या शाळेत, संध्याकाळी वर्ग भरावा. खडी गंमतीचा म्हातारा शाहीर आणि गिटार येणारा तरुण असे दोघे शिक्षक असावेत, वाद्यं शाळेची असावीत आणि फी नसावी. किंगफिशला मिळालं ते साधारण एवढंच होतं.

त्याच्या पहिल्या आल्बममधलं ‘आउटसाइड ऑफ धिस टाउन’ हे गाणं आता आपण ऐकणार आहोत. मधल्या गिटारच्या तुकड्यात तो तार कुठे ओढून धरतो, तिकडे लक्ष असू द्या.