खोल बर्फ, स्वस्तातली लिफ्ट, आणि तुम्हाला अडवणार कोण?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांना स्कीइंग थोडंफार जमायला लागलंय आणि आता चकाचक रिसॉर्टचा कंटाळा आलाय. म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेला बर्फ नको, गुडघाभर भुसभुशीत बर्फ हवा, उतारही अंगावर येणारा हवा, आणि खिशालाही परवडायला हवं. अशा तीन जागा आज शेजारी शेजारी ठेवून बघू. किती बर्फ पडतो हे तर सांगेनच, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न: तयारी नसताना तुम्ही वर निघालात, तर तुम्हाला अडवणार कोण?

पहिली जागा अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं सिल्व्हर्टन माउंटन. २००२ साली सुरू झालं. लिफ्ट एकच, दोन माणसं बसतील अशी, तीही दुसऱ्या रिसॉर्टकडून सेकंडहँड घेतलेली. खाली हॉटेल वगैरे काही नाही, तंबू आहे. वर्षाला साधारण १० मीटर बर्फ पडतो आणि सोपा उतार एकही नाही. पण बीकन, प्रोब आणि फावडं सोबत नसेल तर वर सोडतच नाहीत. हंगामाचा बराच काळ गाईडही सक्तीचा. थोडक्यात, चैन काढून टाकली, पण चेकिंग ठेवलं.

दुसरी जागा फ्रान्समधलं ला ग्राव्ह. गाव १,४५० मीटरवर, आणि केबल कार तुम्हाला थेट ३,२०० मीटरवर नेऊन सोडते. खाली येताना ना आखलेली वाट, ना दाबलेला बर्फ. हिमनदीतल्या भेगा आहेत, कडे आहेत. तिथे कुणी अडवत नाही. पण तो डोंगर असाच आहे हे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे शहाणी माणसं स्थानिक गाईड घेतात.

आणि तिसरं आपलं गुलमर्ग. गावात मोठी हॉटेलं आहेत, पण डोंगरावर चैन नाही. गोंडोलाचा दुसरा टप्पा कोंगडोरीहून अफरवाटवर ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथून गावापर्यंत साधारण १,३०० मीटरची उतरण. युरोप-अमेरिकेच्या मानाने तिकीट फारच स्वस्त. गोंडोलाजवळच्या ठरावीक भागात स्की पेट्रोल आहे. त्या हद्दीबाहेर पडलात की डोंगर ला ग्राव्हसारखाच, तुमचा तुम्ही.

फरक एवढाच की तो ला ग्राव्हसारखा दिसत नाही. त्याच गोंडोलात भाड्याचे गमबूट घातलेली कुटुंबं असतात, लहान मुलं असतात, सेल्फी चालू असतात. वर पोहोचल्यावर महाबळेश्वरच्या पॉइंटवर आल्यासारखं वाटतं, आणि गुलमर्गची खरी गोची हीच आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये एक रशियन स्कीअर गेला.

यामागचं गणित समजून घ्या. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीइंगची खरी मजाही नेमकी त्याच उतारावर असते. ताजा जड थर खालच्या कमकुवत थरावर बसलेला असतो, तुमच्या वजनाने तो सुटतो. माणूस गाडला गेला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात खालून मदत पोहोचणं जवळजवळ अशक्य. वाचवणार तो तुमच्यासोबतचा मित्रच. बीकनने जागा शोधायची, प्रोबने खोली बघायची, फावड्याने उकरायचं. आणि एकट्याकडे बीकन असून काही उपयोग नाही, सगळ्यांकडे हवा आणि वापरता यायला हवा.

म्हणून माझं मत सांगतो. पहिल्यांदाच खोल बर्फात उतरायचं असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर सिल्व्हर्टनसारखी जागा बरी, कारण तिथे कुणीतरी तुमची बॅग बघतं. आपल्यापैकी बहुतेकांसाठी गुलमर्गच शक्य आहे, आणि ते उत्तमच आहे. पण मग सिल्व्हर्टनचे नियम आपणच आपल्याला लावून घ्यायचे: आधी खालच्या उतारांवर कोर्स, मग गाईड, प्रत्येकाकडे तिन्ही वस्तू, आणि त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा बघितल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकानेही यातलं काही टाळलं, तर त्या दिवशी सगळेच हद्दीच्या आत राहतात. कुरकुर होते, होऊ दे.

गोंडोलाचं तिकीट म्हणजे वर जायचं भाडं. खाली सुखरूप यायची हमी त्यात नसते.

हा भाग तुमच्या ट्रिपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!