काचबिंदू : उरलेली नजर राखण्याचे काम
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले निवेदन)



अहवाल हाती येताच आपण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा आकडा आवर्जून पाहता. ते स्वाभाविकच आहे. पट्टी सुटते, आजीला नातवाचा चेहरा दिसतो आणि देणगीचे चीज झाल्याचे समाधान लाभते. काचबिंदूत असा क्षण येत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. उपचाराने राखता येते ती केवळ उरलेली नजर.

डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट झाला नाही की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. हा दाब साधारणतः १० ते २१ मिलिमीटर असतो. तथापि काहींच्या नसेला त्या मर्यादेतही इजा होते. बहुतेकांची नजर प्रथम कडेने जाते. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील एखादा धान उत्पादक शेतकरी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, परंतु धुऱ्यावरून चालताना अडखळतो. घरची मंडळी म्हणतात, वय झाले.

काही रुग्णांत मात्र नुकसान मध्याजवळच सुरू होते. वाचताना शब्दातील अक्षर गळते, तांदूळ निवडताना खडा सुटतो. दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या तपासणीत मध्यापासून सुमारे २४ अंशांपर्यंतचे बिंदू ६-६ अंशांच्या अंतराने तपासले जातात. मधला लहानसा डाग त्यातून निसटू शकतो. म्हणून डॉक्टर मधल्या १० अंशांची, २-२ अंशांच्या अंतराने होणारी दुसरी तपासणी सांगतात. “एकदा झाली, मग पुन्हा कशाला?” असे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर हेच की, मधली नजर गेली तर वाचन, शिवण आणि माणसांची ओळख, सारेच जाते.

उपचार म्हणजे बहुधा रोज, आयुष्यभर घालावयाचे थेंब. काहींना लेसर किंवा शस्त्रक्रिया. थेंबांनी दिसणे सुधारत नाही. त्यामुळे रोवणीच्या धांदलीत बाटली संपते आणि नवी आणली जात नाही. दुखत नाही, म्हणून कोणी रुग्णालयातही येत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. जमाखर्चाच्या भाषेतच विचार करतो. काचबिंदूवरील खर्चाच्या समोर जमेच्या बाजूस लिहिण्याजोगे काही दिसत नाही. ज्याची नजर पाच वर्षांपूर्वी होती तेवढीच आज आहे, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? तरीही तीच आमची खरी कमाई होय, असे आम्ही मानतो.

दानशूरांना आमची प्रार्थना आहे की, शस्त्रक्रियेबरोबरच एखाद्या गरजू रुग्णाच्या वर्षभराच्या थेंबांचा व तपासणीचाही भार उचलावा. रुग्णांच्या आप्तांना विनंती की, घरात एकास काचबिंदू असल्यास भावंडांनी व मुलांनी आपले डोळे तपासून घ्यावेत, कारण त्यांना धोका अधिक असतो. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घालू नयेत; त्यांनीही दाब वाढू शकतो. आणि संध्याकाळी दिवा लावताना एवढे अवश्य विचारावे, “बाबा, आज थेंब घातले का?”