झाडाखालचा पाचोळा
(आमच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मोखाडा तालुक्यात वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या पाड्यांवर बायांना हंडा घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून तुमच्या देणग्यांतून आपण उतारावर झाडे लावली. त्या कामात माझी एक चूक झाली. ती आज सांगतो.

पाऊस झाडावर पडला की आधी पाने आणि फांद्या भिजतात. हलकी सर असली तर बरेचसे पाणी तिथेच अडते आणि वाफ होऊन उडून जाते. जोराच्या पावसात मात्र पाने लगेच भरतात. मग पाणी पानांवरून ठिबकते, थोडे खोडावरून ओघळते. आषाढातला बहुतेक पाऊस असा जमिनीवर पोचतोच. तो कसा पोचतो, हे महत्त्वाचे.

आम्ही साग लावला. झाडे वाढल्यावर मी खालचे गवत कापून घेतले, पाचोळा झाडून काढला. जागा स्वच्छ दिसे, फोटो छान येत. पण सागाच्या रुंद पानावर पाणी जमून थेंब मोठा होतो आणि उंचावरून पडताना पुन्हा वेग घेतो. त्या थेंबांनी उघडी माती उखडली. पावसाळ्यात झाडांखालून गढूळ, लाल पाणी वाहिले. मुळे उघडी पडली.

पाड्यावरच्या एका वारली आजीने मला शेजारच्या जुन्या रानात नेले. वर ऐन, खाली करवंदाच्या जाळ्या, त्याखाली पाचोळा. तिने हाताने पाला बाजूला सारला. माती ओली, भुसभुशीत होती. “हितं पानी पळत नाय,” एवढेच ती म्हणाली.

पण पाला राबालाही लागतो. ‘तो नेऊ नका’ म्हणणे आपल्याला सोपे आहे. नाचणीचे रोप ज्याला तयार करायचे आहे, त्याला नाही. म्हणून आम्ही गावकऱ्यांसोबत बसलो. झऱ्याच्या वरच्या उतारावरचा पाला कोणी उचलायचा नाही आणि राबासाठी खालच्या बाजूचा न्यायचा, असे त्यांनीच ठरवले.

तेव्हा यापुढे आम्हाला किती झाडे लावली, एवढेच विचारू नका. झाडांखाली काय राखले, हेही विचारा.