साखर किती घेता?

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुम्ही दहा मिनिटं काहीतरी बोला," असं सचिवांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, कशावर बोलू? ते म्हणाले, "कशावरही बोला, फक्त पार्किंग आणि पाणी सोडून." आता हे दोन विषय वगळल्यावर आपल्या सोसायटीत उरतं काय? चहा! म्हणून आज चहावर बोलतो. कॉफीवाल्यांनी रागावू नये, त्यांचीही पाळी येणार आहे.

या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मी नऊ वर्षं या संस्थेचा खजिनदार होतो. त्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा लाखांतला खर्च दोन मिनिटांत मंजूर व्हायचा आणि 'चहापान खर्च' या एका ओळीवर अर्धा तास चर्चा व्हायची. "एवढा चहा पितं कोण?" असं विचारणारे सभासद तो प्रश्न विचारता विचारता दुसरा कप उचलत असत. मी टाळेबंदात सगळं दाखवलं, पण ही गंमत दाखवायला त्यात रकाना नव्हता. आज सांगून टाकली.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांकडे इतका चहा प्यायलोय, की दारावरची पाटी न वाचता नुसत्या वासावरून मी घर सांगू शकेन. ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आलं ठेचल्याचा आवाज आला की समजायचं, चार वाजले. त्याच्या वर राहणाऱ्या कोकणातल्या काकूंकडे गवती चहा. त्यांनी तो गच्चीवर कुंडीत लावला आणि आता निम्मी सोसायटी त्यांना न विचारता पात तोडून आणते! (गवती चहा म्हणजे खरं तर गवत, चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. पण हे काकूंना सांगायची माझी हिंमत नाही.) तळमजल्यावरच्या कोल्हापूरकरांकडे म्हशीच्या दुधाचा, चमचा उभा राहील असा चहा. बी विंगमध्ये एक गृहस्थ डॉक्टरांच्या सांगण्यावरून बिनसाखरेचा चहा घेतात आणि त्याच्याबरोबर तीन नानकटाया खातात. कोणाला उकळता लागतो, कोणी बशीत ओतून फुंकर मारल्याशिवाय पीत नाही. कोणाला कपात बुडवलेल्या खारीचा तळाशी बसलेला गाळच जास्त आवडतो. आणि लहान मुलांना आपण सगळेच सांगत आलो, "चहा पिऊ नको, काळा होशील." ती मुलं आता नोकरीला लागली, त्यांच्या ऑफिसात मशीनमधून कॉफी येते आणि ती घरी येऊन आईच्या हातचा चहा मागतात.

चहा करण्याचंही एक शास्त्र आहे, आणि ते मी आमच्या घरातल्या शास्त्रज्ञाकडून शिकलो. आलं आधी पाण्यात उकळू द्यायचं, दूध नंतर. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटू शकतं. गुळाचा चहा करायचा असेल तर दूध घालून, भांडं खाली उतरवून मग गूळ घालायचा. गुळाबरोबर दूध उकळलं की ते बहुधा नासतंच. आपण घरी वापरतो ती बारीक दाणेदार पावडर, म्हणजे सीटीसी. तिचा रंग झटकन उतरतो आणि दुधापुढेही ती दबत नाही. मोठ्या पानांचा चहा मात्र उकळायचा नसतो. गरम पाणी ओतून झाकण ठेवायचं आणि चार मिनिटं धीर धरायचा. तेवढा धीर आपल्याकडे नाही, म्हणून दाणेदार बरी. आणि ज्या भगिनींचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. तासभर थांबावं.

आता कॉफी. आमच्या समोरच्या दारी तमिळ कुटुंब आहे. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे कॉफीला बोलावलं तेव्हा मला वाटलं, दूध उकळायला ठेवतील. त्यांनी दोन मजली पितळी फिल्टर काढला. वरच्या भांड्यात कॉफीची पूड दाबून बसवलेली, वरून गरम पाणी, आणि थेंब थेंब अर्क खाली उतरतोय. आदल्या रात्रीच लावून ठेवलेला! म्हणजे पाहुण्याची तयारी काल झाली होती. आपल्या मराठी घरांतली कॉफी वेगळी. जायफळ-वेलदोडा घातलेली, दुधाळ, गोड. आणि तरुण मंडळींची आणखी वेगळी. कॉफी आणि साखर वाटीत घेऊन हात दुखेपर्यंत फेटतात आणि फेसावर खूश होतात.

बाबा बुदन नावाच्या सुफी संताने सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे, आणि देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आज कर्नाटकात पिकते. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून काढलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. इंडियन कॉफी हाऊस म्हणतात ते हेच. म्हणजे सहकाराशी कॉफीचं नातं आपल्या संस्थेपेक्षा बरंच जुनं आहे.

आणि चहा? चहा पूर्वापार आपला आहे असं वाटतं, पण तसं नाही. आसामात मळे झाले एकोणिसाव्या शतकात, आणि बराचसा माल जायचा परदेशी. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला, त्या पैशातून पुढे प्रचार सुरू झाला आणि लोकांना अक्षरशः फुकट पाजून चहाची सवय लावली गेली. आज पगार झाल्यावर आपण ज्याला 'चहापाणी' म्हणतो, तो शब्द तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

पण चहा यायच्या आधीपासून आपल्याकडे एक प्रश्न होताच. कोणाच्या हातचं प्यायचं, कोणाबरोबर प्यायचं? १८९० साली आपल्या पुण्यातच पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांच्या खटपटीने शहरातली बडी मंडळी तिथे जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. पुढे नावं छापून आली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी टिळक-रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. एका कपभर चहासाठी!

त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी कोल्हापुरात काय झालं तेही ऐका. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले, त्यामुळे बाकीचं गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः त्या हॉटेलापुढे गाडी थांबवत, सगळ्यांदेखत चहा मागवून पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. महाराजांनी त्यावर भाषण केलं की नाही मला माहीत नाही. चहा प्यायले, एवढं पुरे होतं.

तुम्ही म्हणाल, आनंदाच्या दिवशी हे कशाला? सांगतो.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण दोन प्रश्न विचारतो. "चहा घेणार की कॉफी?" आणि "साखर किती?" साधे प्रश्न आहेत. पण त्यात मान आहे. तुमची आवड वेगळी असू शकते, आणि ती मला विचारावीशी वाटते, असं आपण त्या माणसाला सांगत असतो. मघाशी मी तुमच्यातल्या इतक्या जणांच्या चहाचं वर्णन केलं. ते मला कसं माहीत? कधीतरी कोणीतरी विचारलं म्हणून.

आपल्या जिन्यांची झाडलोट करणाऱ्या मावशी अकरा वर्षं इथे येतात. सकाळी त्यांना कोणी ना कोणी चहा देतंच, त्या बाबतीत आपली सोसायटी कंजूष नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना सहज विचारलं, "मावशी, साखर किती घालू?" त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का? मला चहा आवडतच नाही. मला कॉफी आवडते." आधी त्या एका दाक्षिणात्य घरी स्वयंपाकाला होत्या, तिथे लागलेली सवय. आमच्या हिने विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "मिळतंय ते कशाला नाही म्हणायचं?"

मंडळी, या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करतोय.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या नव्या सभागृहाच्या स्वयंपाकघरासाठी खरेदीची यादी नोटीस बोर्डावर लागली आहे. जुना खजिनदार असल्यामुळे मी यादी शेवटपर्यंत वाचतो. त्यात सातवी ओळ आहे, 'कपबशा, ६ डझन'. आणि आठवी ओळ, 'स्टीलचे ग्लास, १ डझन (कामगारांसाठी)'. ज्यांनी यादी केली त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. कप फुटतात, ग्लास फुटत नाहीत, असा साधा हिशोब. मी एकदोघांशी बोललो. एकजण म्हणाले, "अहो, त्यांनाच ग्लास बरा वाटतो, चहा जास्त मावतो." दुसरे म्हणाले, "त्यांना आपल्यात बसून कपात प्यायला संकोच वाटतो."

असेल. ग्लास वाईट असं माझं म्हणणं नाहीच. मी स्वतः घरी सकाळचा चहा स्टीलच्या ग्लासातून घेतो, कपात मला तो पुरत नाही. पण तो ग्लास मी निवडलाय. माझ्यासाठी दुसऱ्या कोणी यादीत लिहिलेला नाही. आणि संकोचाचं म्हणाल, तर वेगळं भांडं ठेवून संकोच जात नसतो, वाढतो. मुलं बघत असतात. कुठलं भांडं कोणाचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

म्हणून माझी समितीला जाहीर विनंती आहे. ग्लास जरूर घ्या, डझनाऐवजी दोन डझन घ्या, मलाही एक लागेल. फक्त तो कंस काढून टाका. कप सगळ्यांचे, ग्लासही सगळ्यांचे. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. त्याने चार-सहा कप जास्त फुटले तर 'चहापान खर्च' या ओळीवर पुढच्या सभेत आणखी अर्धा तास चर्चा करू. आपल्याला सवय आहे.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. घरी कामाला येणाऱ्या ताई असोत, रात्रपाळीचे वॉचमन काका असोत की लिफ्ट दुरुस्तीला आलेला मुलगा असो, चहा तर आपण देतोच. या आठवड्यात एकदा विचारून बघा, साखर किती? उत्तर ऐकून तुम्हालाही आश्चर्य वाटेल.

माझी दहा मिनिटं कधीच संपली, सचिव घड्याळ दाखवताहेत. बाहेर दोन पिंपं ठेवली आहेत. डावीकडे चहा, उजवीकडे कॉफी, साखर वेगळी. सगळ्यांनी घेतल्याशिवाय जायचं नाही.