यंत्राची पोथी आणि तिचे शुद्धीकरण



वसंतातल्या या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, राजकारण, साहित्य ऐकण्याची सवय असलेल्या आपणांपुढे मी आज सुमारे चार सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर लांब अशा एका बोर्डाविषयी बोलणार आहे. किंबहुना त्या बोर्डाविषयीही नव्हे, तर तो कसा चालवावा हे सांगणाऱ्या पुस्तकातल्या चुकांविषयी. विषय क्षुद्र वाटेल. तो तसा का नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

बोर्डाचे नाव मायक्रो:बिट. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने आपल्या सहकाऱ्यांसह तो तयार केला आणि 2016 साली ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट वाटला. पंचवीस इवले दिवे, 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणे, होकायंत्र, हालचाल ओळखणारा भाग, आणि हे सारे चालविणारी एक चिप. पायथन भाषेचे जे छोटे रूप तिच्यावर चालते ते मायक्रोपायथन. डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने ते 2013 साली पुढे आणले. पुढे हा बोर्ड देशोदेशींच्या शाळांत गेला, आणि त्याच्या मागोमाग पुस्तके, टिपणे, धड्यांचे कागद यांचा एक मोठा संसार उभा राहिला.

आता एक उदाहरण घेऊ, आणि ते जरा सावकाश पाहू. बटणाविषयी यंत्राला दोन निराळे प्रश्न विचारता येतात. एक, 'इज प्रेस्ड': या क्षणी बटण दाबलेले आहे काय? दुसरा, 'वॉज प्रेस्ड': मागे विचारले होते तेव्हापासून आतापर्यंत ते दाबले गेले होते काय? दुसऱ्या प्रश्नाची एक खोड आहे. उत्तर दिले की यंत्र ती नोंद पुसून टाकते. लगेच पुन्हा विचाराल तर 'नाही' म्हणून मोकळे होते.

समजा, धड्याच्या कागदावर असे लिहिले आहे: दोन्ही बटणे दाबली गेली असतील तर हृदयाचे चित्र दाखव, ते नसेल आणि 'ए' दाबले गेले असेल तर हसरा चेहरा दाखव, तेही नसेल आणि 'बी' दाबले गेले असेल तर रडका चेहरा दाखव. तिन्ही ठिकाणी 'वॉज प्रेस्ड'. वाचताना यात कोठेही खोट दिसत नाही. पण मुलगी 'ए' दाबते. पहिल्या ओळीत यंत्र 'ए'बद्दल विचारते, 'हो' असे उत्तर मिळते, आणि त्याच क्षणी नोंद पुसली जाते. मग 'बी'बद्दल विचारते, 'नाही' मिळते, म्हणून हृदय येत नाही. दुसऱ्या ओळीत पुन्हा 'ए'. पण नोंद तर गेली! हसरा चेहरा उमटत नाही. तीच मुलगी 'बी' दाबते, तर पहिल्या ओळीत 'ए'लाच नकार मिळाल्यामुळे यंत्र 'बी'पर्यंत जातच नाही, 'बी'ची नोंद शाबूत राहते आणि रडका चेहरा बिनचूक येतो.

त्या मुलीला काय दिसते? 'बी' चालते, 'ए' चालत नाही. ती म्हणणार, बटण बिघडले. बोर्ड बदलून दिला तरी तेच. मग ती म्हणणार, मलाच येत नाही. कागद चुकला असेल ही शंका तिच्या मनात सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. कारण छापलेले खरे असते हे आपणच तिला शिकविलेले असते. मोठा माणूस पुस्तकाला दोन शिव्या हासडून पुढे जातो. अकरा वर्षांचे मूल मात्र 'यंत्रे आपल्यासाठी नाहीत' असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन बसते, आणि त्या निकालावर अपील करावे हे त्याला कोणी सांगत नाही.

दुरुस्ती अवघी दोन ओळींची आहे. आरंभी दोन्ही बटणांची उत्तरे एकेकदाच विचारून बाजूला ठेवावी आणि पुढे ती ठेवलेली उत्तरे वापरावी. विचारल्यावर नोंद पुसली जाते, हे मूळ माहितीपुस्तकात सांगितलेले आहे. त्यावरून धडे उतरविताना नेमके असलेच वाक्य 'तपशील' म्हणून गळते.

तापमानाचेही तसेच. बोर्ड तापमान सांगतो, पण ते चिपच्या पोटातले. खोलीच्या तापमानाहून ते सहसा थोडे जास्तच भरते. 'खोलीचे तापमान मोजा' असे लिहिणाऱ्याने ही गोष्ट गाळली, तर मूल भिंतीवरच्या तापमापकावर संशय घेते.

याहून अवघड चूक म्हणजे जी एकेकाळी चूक नव्हती ती. 2020 साली या बोर्डाची दुसरी पिढी आली. कार्यकारी स्मृती 16 किलोबाइटांवरून 128 वर गेली, ध्वनिवर्धक आला, मायक्रोफोन आला. जुन्या बोर्डावर 9 क्रमांकाची पिन पडद्याच्या दिव्यांना जोडलेली होती. ती वापरायची तर पडदा बंद करावा लागे. नव्यावर ती मोकळी आहे. कोणी उत्साही गृहस्थ जुने वाक्य खोडून नवे लिहितो, नव्या बोर्डापुरते ते खरेही असते. पण शाळेच्या कपाटात जुने बोर्ड तसेच पडून आहेत, त्यांचे काय? म्हणून मायक्रोपायथनचे माहितीपुस्तक दोन्ही पिढ्यांसाठी वेगवेगळे ठेवले आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

पाठशुद्धीचे काम आपल्याला नवे नाही. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. याच पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले आणि 1966 साली पुरे केले. तिथे स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठही छापलेले आहेत. मायक्रोपायथनचे माहितीपुस्तक ज्या पद्धतीने ठेवले जाते तिच्यातही प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा केला, आधी काय होते, हे सारे टिकते. कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. सांभाळणारे ती पाहून स्वीकारतात किंवा परत पाठवितात.

फरक एवढाच की पोथीच्या संशोधकाला ज्ञानेश्वरांना विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला बोर्डाला विचारता येते. म्हणून बोर्ड हाती न घेता, केवळ वाक्य खटकले म्हणून दुरुस्ती सुचविणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. आधी चूक घडवून दाखवावी, कोणत्या पिढीच्या बोर्डावर ते सांगावे, मग लेखणी चालवावी. आणि एका वेळी एकच चूक काढावी. शुद्धलेखन, रचना आणि अर्थ यांना एकदमच हात घातला की तपासणाऱ्याला काहीच तपासता येत नाही.

मराठीत हे धडे आणताना तर आपण जास्तच जपले पाहिजे. 'इज' आणि 'वॉज' यांतला भेद इंग्रजीत एका शब्दाचा आहे. भाषांतरकार घाईत दोन्ही ठिकाणी 'बटण दाबले का?' असे लिहून जातो आणि वर सांगितलेला सारा घोळ पुन्हा सुरू होतो. मराठीला हा भेद उत्तम दाखविता येतो: 'बटण आत्ता दाबलेले आहे का?' आणि 'मागच्या वेळी विचारल्यापासून बटण दाबले होते का?' दुसरे वाक्य लांबट आहे, मान्य. पण त्यातला एकही शब्द काढता येण्यासारखा नाही.

दोन्ही पिढ्यांचे बोर्ड मी बरोबर आणले आहेत आणि ते या टेबलावर मांडले आहेत. दोहोंवर तो चुकीचा धडाच घातलेला आहे. ज्यांना 'ए' दाबून पाहावयाचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर पुढे यावे.